शाळिग्राम समुद्रातला, मग गंडकीत कसा?

प्रश्न : आमच्या देवघरातल्या शाळिग्रामात चक्र दिसते. ते समुद्री प्राण्याचे अवशेष असतात असे वाचले. मग तो नेपाळच्या डोंगरात कसा? समुद्र एवढा वर होता का?

उत्तर : समुद्र वर चढला नव्हता, त्याचा तळच डोंगरात गेला. चक्र आहे ते अ‍ॅमोनाइटचे. माकुलांच्या नात्यातला हा प्राणी. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या उत्तर किनाऱ्यापुढच्या टेथिस समुद्रात तो काळ्या चिखलात गाडला गेला आणि त्याच्याभोवती टणक गोटा जमला. आज काली गंडकी मऊ शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) धुऊन नेते, गोटा उरतो.

तो किनारा म्हणजे निष्क्रिय खंडसीमा, म्हणजे जिथे भूपट्ट एकमेकांवर आदळत नाहीत अशी खंडाची कड. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवनाच्या (भारत ज्याचा भाग होता त्या प्राचीन महाखंडाच्या) उत्तर कडेचा पट्टा तुटून दूर जाऊ लागला. ताणाने कवच पातळ झाले, तिरक्या विभंगांवरून (खडकांतल्या सरकत्या भेगांवरून) त्याचे ठोकळे खचले. काश्मीरचा पंजाल ट्रॅप लाव्हा याच सुमाराचा. ताण संपला तरी खचणे थांबत नाही. खालचा तापलेला भाग निवत जड होतो, वर गाळाचे ओझे वाढते. आधी भरभर, मग कोट्यवधी वर्षे संथपणे तळ खाली जातो. म्हणूनच उथळ पाण्यातला चुनखडकसुद्धा शेकडो मीटर जाड साचू शकतो.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा खोल महासागरी तळ आशियाखाली जाऊन संपला आणि मागोमाग भारताची ही कडही तिथे पोहोचली. खंडाचे कवच हलके. ते सहज खोल बुडत नाही. वरचे थर सुटतात, तेही शेलसारख्या कमकुवत थरावरून. शेलमध्ये कोंडलेले पाणी दाबाखाली वरचे ओझे पेलू लागते, घर्षण घटते आणि किलोमीटरभर जाडीचे थर घसरून एकमेकांवर चढतात. हा थ्रस्ट. फावड्याने ओली वाळू ढकला : पुढे पाचर तयार होते. तिचा उतार कमी पडला तर ती आतल्या आत चिरत जाड होते. उतार पुरेसा झाला की पुढच्या टोकाशी नवी चीर पडते. हिमालयात हा क्रम दक्षिणेकडे सरकला : मुख्य मध्य थ्रस्ट सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी, मुख्य सीमा थ्रस्ट सुमारे १ कोटी, आणि तराईच्या कडेचा थ्रस्ट आजही सक्रिय आहे. नेपाळमध्ये दरवर्षी साधारण २ सेंटिमीटर आक्रसणे साचते. २०१५ चा ७.८ तीव्रतेचा गोरखा भूकंप याच थ्रस्टांच्या तळपृष्ठावर झाला.

नवखे इथे हमखास फसतात. ‘खालचा थर जुना’ हा नियम थ्रस्टपाशी उलटतो : शंभर कोटी वर्षांहून जुने खडक हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या तरुण खडकांवर बसलेले दिसतात. आधी जीवाश्म पाहा, मग वय ठरवा.

प्रश्न : कोकण किनाराही निष्क्रियच ना? तिथे असे पर्वत होतील का?

उत्तर : निष्क्रियच. मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला, सेशेल्स त्यानंतर, दख्खनच्या लाव्ह्याच्या मागोमाग. १९७४ मध्ये तेल सापडलेले बॉम्बे हाय याच खचलेल्या कडेवरचा उंचवटा आहे. पण असे पर्वत व्हायला समुद्रतळ कुठेतरी दुसऱ्या भूपट्टाखाली जावा लागतो. अरबी समुद्रात ते इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यापाशी घडते, कोकणापुढे नाही.