बीएस्सी केमिस्ट्री होऊन दोन वर्षं घरी: सोलापुरात शाखेवर नोकरी ठरते का?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. तुम्ही बीएस्सी केमिस्ट्री, दोन वर्षं झाली घरीच आहात. धाकटा भाऊ बारावी कॉमर्स, ६४ टक्के. राहायला पूर्व भागात, घरात तेलुगू. वडील टॉवेलच्या लूमवर, आई बिडी वळते. पुण्याला जाणं दोघांपैकी एकालाच जमेल. आणि तुम्ही विचारलंय की सोलापुरात नोकरी शाखेवर ठरते, की सगळं ओळखीवरच चालतं?

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात चोवीस वर्षं काढली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माणसं घेण्याचं काम माझ्याकडे होतं. अर्ज वाचायचे, मुलाखतीला बोलवायचं, आणि घेतलेली मुलं का सोडून जातात तेही बघायचं. त्या बाजूने जे दिसलं ते लिहितो.

आधी एक आकडा सांगतो, कारण तो तुमच्या मनावरचं ओझं थोडं हलकं करेल. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ साली देशातला एकूण बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. पदवीधरांमध्ये तोच १३.४ टक्के होता. म्हणजे शिकलेल्यांत बेकारी चौपट. याचा अर्थ शिक्षण वाया जातं असा नाही. या सर्वेक्षणात बेकार कोणाला म्हणतात? जो काम शोधतोय आणि ज्याला ते मिळालेलं नाही, त्याला. तुमच्या आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिडी वळतात, त्या आकड्यात रोजगारातच धरल्या जातात, मग हजार बिड्यांमागे हातात काहीही पडो. घरच्या लूमवर कांडी भरणारी मुलगीसुद्धा रोजगारात, तिला पगार नसला तरी. शिकलेली मुलगी मात्र शिक्षणाला शोभेल असं काम शोधत थांबते, आणि घर तिला थोडे दिवस थांबू देतं. हे थांबणं आकड्यात बेकारी म्हणून उतरतं. तुमची दोन वर्षं आळशीपणाची नाहीत, एवढं आधी मनाशी पक्कं करा.

आता शाखेकडे येतो. इतक्या वर्षांत मला दिसलं ते असं: काम मिळेल की नाही हे शाखा जितकं ठरवते, त्याहून जास्त ती ठरवते की काम कुठल्या गावात मिळेल. कॉम्प्युटर इंजिनिअर मुलाला काम आहे, पण ते पुण्याच्या हिंजवडीत. वालचंद इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून इथे आहे. तिथून बाहेर पडलेली कितीतरी हुशार मुलं दर रविवारी पुण्याच्या गाडीत दिसतात. त्यांना नोकरी लागली, पण सोलापूर सुटलं. तुम्हाला मात्र दोघांपैकी एकाने इथे राहायचं आहे. म्हणून केमिस्ट्री चांगली की कॉमर्स, हे सोडून देऊ या. केमिस्ट्रीचं काम सोलापुरात कोणाच्या भिंतीआड चालतं, ते बघू.

ते चालतं, आणि तुमच्या घरापासून फार लांब नाही. एवढं केमिस्ट्रीच्या मुलींना कोणीच सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

टॉवेलचं डाईंग, म्हणजे रंगवणं, घ्या. परदेशी गिऱ्हाईक कापडाचा एक चौकोनी तुकडा पाठवतं आणि म्हणतं, हाच रंग हवा. तो रंग आधी लॅबमध्ये छोट्या भांड्यात बसवावा लागतो. त्याला लॅब डिप म्हणतात. सुती टॉवेलला रिअॅक्टिव्ह रंग लागतात. मीठ किती, सोडा अॅश किती, तापमान किती, कितव्या मिनिटाला काय घालायचं, यात थोडी चूक झाली तरी शेड सरकते. लॅबमध्ये सरकली तर तुकडा गेला, मशीनवर सरकली तर सगळा लॉट गेला. मग धुऊन रंगाचा पक्केपणा बघायचा. रंगाचं पाणी बाहेर सोडण्याआधी सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर त्याचा पीएच (आम्लता) आणि सीओडी (प्रदूषणाचं एक माप) तपासायचा. तुम्ही कॉलेजात टायट्रेशन केलंत, द्रावणं बनवलीत, पिपेट हातात धरलात, ते सगळं इथे रोज लागतं. आमच्याकडे एक बीएस्सी केमिस्ट्रीची मुलगी अशीच आली होती. मुलाखतीत म्हणाली, मला टेक्स्टाईल येत नाही. आमचे डाईंग मास्तर म्हणाले, नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, काढता येते ना, मग बाकीचं मी शिकवतो. वर्षभरात शेडच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानला जाऊ लागला.

मग आपली मुलं या धंद्यात का येत नाहीत? याचं उत्तर शाखेत सापडत नाही, ते आपल्या घरांत आहे. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्यावर गावाचं घड्याळ चालू लागलं. मग एकेक करून त्या बंद पडल्या. माझे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, काहीही शिक पण सुताच्या धंद्यात जाऊ नकोस. असं गावातल्या हजारो बापांनी आपापल्या मुलांना सांगितलं असणार. त्यांचं दुःख खरं होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ते बनवणारं तंत्र शिकायला गावातली शिकलेली मुलं येईनात. आम्हाला टेक्स्टाईलचे इंजिनिअर इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजातून आणावे लागायचे. लूमचे जॉबर, म्हणजे लूम लावणारे-दुरुस्त करणारे कारागीर, सगळे पन्नाशीच्या पुढचे, त्यांच्या हाताखाली नवीन पोरगा नाही. तुमच्या वडिलांना विचारा, ते हेच सांगतील.

डाईंग सोडून केमिस्ट्रीला आणखी दोन दारं आहेत. पहिलं चिंचोळी एमआयडीसी आणि तुळजापूर रोडवरचं तामलवाडी. बालाजी अमाइन्ससारखे रसायनांचे कारखाने या भागांत आहेत, औषधांचा कच्चा माल बनवणारेही आहेत. तिथे क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ आणि एचपीएलसी ही मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी मशिनं चालवणारी माणसं लागतात. ही मशिनं कॉलेजात बहुतेकांनी लांबूनच पाहिलेली असतात. त्यांचा दोन-तीन महिन्यांचा प्रशिक्षणवर्ग केलात तर अर्ज वरच्या गठ्ठ्यात येतो. एक गोष्ट अर्ज करायच्या आधी विचारून घ्या: कंपनीची बस आहे का, आणि लॅबची पाळी जनरल आहे की फिरती. चिंचोळी पुणे रोडवर शहराबाहेर आहे. चांगली नोकरी लागलेल्या मुली केवळ येण्याजाण्यापायी सोडून गेलेल्या मी पाहिल्यात, आणि मग घरचे म्हणतात की शाखाच चुकली.

दुसरं दार साखरेचं. आपल्या जिल्ह्याइतके साखर कारखाने राज्यात क्वचितच कुठे असतील, आणि प्रत्येकाला लॅब केमिस्ट लागतो. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ), पोल (त्यातली साखर), साखरेची प्रत, सगळं तासातासाला मोजायचं. अडचण एकच, गळीत हंगाम संपला की बऱ्याच ठिकाणी हंगामी माणसांना घरी बसवतात. डिस्टिलरी आणि इथेनॉल असलेल्या कारखान्यात काम जास्त महिने चालतं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञान आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत, केमिस्ट्रीच्या पदवीधरांना ते थेट उपयोगी पडतात. त्यासाठी काही काळ पुण्याला राहावं लागेल, पण शिकून परत आपल्याच जिल्ह्यात येता येतं. हिंजवडीला गेलेल्यांना तसं परत येता येत नाही.

सगळीकडे "अनुभव आहे का" विचारतात, हे तुम्ही लिहिलंय. त्यावर एक उपाय आहे जो फार कमी मुलं वापरतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. शिकाऊ म्हणजे फक्त आयटीआयवाले असं लोक समजतात. पदवीधरही चालतात. तेव्हा गेटवर नोकरी आहे का विचारू नका. ऑफिसात जाऊन विचारा, तुमच्याकडे पदवीधर शिकाऊ उमेदवाराची जागा आहे का. असं विचारणारी मुलगी आली की मी खुर्ची द्यायचो, कारण तिला माहिती आहे हे त्या एका वाक्यात कळायचं.

स्पर्धा परीक्षेबद्दल थोडंच लिहितो. करू नका असं मी म्हणणार नाही, माझ्या नात्यातच दोघं लागलेत. पण २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांच्या वर अर्ज आले होते, आणि पात्रता होती कुठलीही पदवी. म्हणजे तिथे तुमची केमिस्ट्री, दुसऱ्याचा इतिहास आणि तिसऱ्याचं इंजिनिअरिंग, सगळं सारखंच. तीन वर्षं घालून मिळवलेली शाखा त्या रांगेत काही कामाची राहत नाही. काम करत करत परीक्षा द्या. अभ्यासिकेत बसून चार वर्षं गेलेली मुलं नंतर आमच्याकडे यायची, तेव्हा हातातलं प्रॅक्टिकल पूर्ण विसरलेली असायची. त्यांना नाही म्हणताना मला फार जड जायचं.

डीएडचं जे झालं तेही लक्षात ठेवा. एके काळी डीएडला प्रवेश मिळाला की पेढे वाटायचे. मग गल्लोगल्ली कॉलेजं निघाली, २०१२ नंतर शिक्षक भरती बराच काळ थांबली, आणि हजारो मुलं-मुली पदविका घेऊन बसल्या. शाखा तीच, अभ्यासक्रम तोच. बाहेर पडणारे वाढले आणि घेणारा एकच होता, तोही थांबला. त्यामुळे कुठल्याही शाखेबद्दल मी आधी हेच बघतो की तिला घेणारे किती आहेत. केमिस्ट्रीला या जिल्ह्यात डाईंग, रसायनं, साखर असे तीन वेगवेगळे आहेत. एक मंदीत गेला तरी दुसरा असतो.

आता भाऊ. कॉमर्सला सोलापुरात काम लवकर मिळतं, पगार मात्र हळूहळू वाढतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि चाटी गल्लीतल्या कापडवाल्यापासून लूमच्या मालकापर्यंत सगळ्यांना विवरणपत्रं भरणारा माणूस लागायला लागला. नुसती बीकॉमची पदवी घेऊन तीन वर्षांनी तो बाहेर आला तर त्याच्यासारखे खूप असतील. सकाळचं कॉलेज करून दुपारी एखाद्या सीएच्या ऑफिसात बसला तर पदवी हातात येईपर्यंत त्याने हिशेबाचं वर्ष संपतानाचे दोन मार्च महिने पाहिलेले असतील, आणि ते अर्जावर ठळक दिसतं. त्याला पुढे एक्स्पोर्टची कागदपत्रं शिकायला सांगा: पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, लेटर ऑफ क्रेडिट. टॉवेलच्या कारखान्यांत हे नीट जाणणारी माणसं फार थोडी आहेत.

त्याचं मन आकडेमोडीत रमत नसेल तर आयटीआयचा रस्ता अजून बंद नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर यांना प्रवेश दहावीवर असतो, बारावीला कॉमर्स होतं याने काही बिघडत नाही. आपल्याकडे रेल्वेचा विभाग आहे, कुर्डुवाडीला वर्कशॉप आहे. मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवार घेते तेव्हा दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते, वेगळी परीक्षा नसते. नातेवाईक म्हणतील की बारावी होऊन आयटीआय कशाला. त्यांना म्हणू द्या.

राहिला ओळखीचा प्रश्न. जिथे पैशाला हात लागतो, म्हणजे कॅश, स्टोअर, खरेदी, तिथे मालक ओळखीचाच माणूस बघतो, हे मी नाकारत नाही. लॅबमध्ये तसं चालत नाही, कारण शेड चुकली तर ओळख ती दुरुस्त करू शकत नाही. तुमच्या वडिलांना इतकी वर्षं लूमवर काम करून जी ओळख आहे ती डाईंग मास्तरापर्यंत नक्की पोचते. ती वापरण्यात कमीपणा मानू नका. ओळखीने मुलाखत मिळेल, पुढचं तुम्हाला येतंच.

आणि तुम्ही "घरात तेलुगू" असं जरा संकोचून लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून सांगतो. डाईंगवरची निम्मी माणसं तेलुगू बोलतात, आणि लॅबमधून खाली मशीनवर निरोप नीट पोचणं हे अर्धं काम असतं. इथल्या दवाखान्यांत विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट येतात म्हणून कन्नड येणाऱ्या नर्सला आधी बोलावतात, तसंच हे. अर्जात मराठी, हिंदी, इंग्रजीच्या खाली तेलुगू स्पष्ट लिहा.

तुमच्या शेवटच्या वर्षाला कोणते पेपर होते आणि प्रोजेक्ट कशावर केला होता, ते इथेच कळवा. भावाला बारावीला गणित होतं की चिटणीसाची कार्यपद्धती, तेही लिहा. अर्जाचा मसुदा टाकलात तर मी ओळ न् ओळ बघून देईन.