अडीचशेचा पाइप आणि ५८ हजारांचे बिल: गॅरेजवर दावा करता येईल का?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात डोंगरउतारावर माझी आंब्याची बाग आहे. फोर-व्हील-ड्राइव्हची डिझेल पिकअप मी स्वतः चालवतो. फेब्रुवारी २०२५मध्ये फोर-व्हील लागेना, डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकायचा. कोल्हापूरच्या एका गॅरेजने व्हॅक्यूम पंप (पाइपमधली हवा ओढून घेणारा) आणि पुढच्या ॲक्सलचा ॲक्च्युएटर (त्या ओढीने फोर-व्हील जोडणारा भाग) बदलून ५८,४०० रुपये घेतले. आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी गावातल्या मेकॅनिकला सोलेनॉइडजवळ (विजेवर उघडणाऱ्या झडपेजवळ) तडकलेला व्हॅक्यूमचा रबरी पाइप सापडला. २५० रुपयांत काम झाले. गॅरेजवाले म्हणतात, "बाहेर काम करून घेतलंत, आता आमचा संबंध नाही." पैसे परत मिळतील का?

उत्तर : दावा करता येईल. मात्र "काम अडीचशेचं, बिल ५८ हजारांचं" एवढ्यावर तो उभा राहणार नाही. मेकॅनिकचा अंदाज चुकला म्हणजे सेवेत त्रुटी झालीच, असे ग्राहक आयोग मानत नाही. त्रुटी सिद्ध करायचा भार तुमच्यावर आहे. महागडे भाग काढण्याआधी कोणताही जाणता मेकॅनिक करतो ती साधी तपासणी त्यांनी केली होती का, यावर सगळा भर द्या.

ती तपासणी काय असते, हे तुम्हाला आयोगापुढे सांगता आले पाहिजे. काट्याचा हातपंप घेऊन पाइपचा एकेक तुकडा सुटा करायचा, त्यातली हवा ओढायची आणि काटा खाली येतो का ते पाहायचे; आला तर तिथे गळती. तोच हातपंप थेट ॲक्च्युएटरला लावल्यावर काटा जागचा हलला नाही, तर आतला डायफ्राम (रबरी पडदा) शाबूत. "आम्ही साबणाचं पाणी लावून बघितलं होतं" असे उत्तर आले तर सोडू नका. या पाइपमध्ये हवा बाहेरून आत ओढली जाते, मग बुडबुडे येणार कुठून?

म्हणून नोटिशीत रागाऐवजी प्रश्न लिहा. जॉब कार्डची (गॅरेजने केलेल्या कामाच्या नोंदीची) प्रत मागा. भाग बदलण्याआधी आणि नंतर काटा किती दाखवत होता? ॲक्च्युएटर निकामी आहे हे कशावरून ठरवले? काढलेले जुने भाग कुठे आहेत? बदल्यात जुने द्यायचे असे ठरले नसेल, तर ते तुमच्या मालकीचे आहेत. जुना ॲक्च्युएटर हाती आला आणि तपासणीत टिकला, तर तुमची बाजू फारच भक्कम होईल. नोटीस स्पीड पोस्टने पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण उत्तर न देणेही पुढे तुमच्याच कामी येते.

पाइप नंतर तडकला किंवा उंदराने कुरतडला, असा बचाव होणारच. दुरुस्तीनंतर आठवड्यात तीच तक्रार परत आली, हे त्याला उत्तर आहे. त्या वेळचे फोन, व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. तडकलेला पाइप फेकला नसेल तर पिशवीत बंद करून ठेवा. गावातल्या मेकॅनिकचे प्रतिज्ञापत्र घ्या: त्याने काय तपासले, कुठे काय दिसले, एवढेच. जवळच्या आयटीआयमधल्या मोटर मेकॅनिकच्या निदेशकांचे लेखी मत मिळाले तर उत्तम.

एक गोष्ट प्रामाणिकपणे आठवा. त्या दिवसांत ब्रेक पेडल कडक लागत होते का? डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरलाही (पेडल हलके करणाऱ्या भागाला) सहसा हाच पंप व्हॅक्यूम पुरवतो. पेडल कडक असेल तर पंपावर संशय घेणे रास्त होते, आणि त्या पैशांचा आग्रह मी धरणार नाही. ॲक्च्युएटर आणि त्याची मजुरी यांवर जोर द्या.

आंबा विकता म्हणजे वापर व्यापारी, अशी हरकत येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(७)चे स्पष्टीकरण सांगते, की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरली तर तो व्यापारी हेतू नव्हे. गाडी तुम्हीच चालवता, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. पक्के बिल दिले नसेल, तर कलम २(४७)खाली ती अनुचित व्यापारी प्रथाही आहे.

कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात, कलम ३४नुसार तक्रार चालते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य, आणि वकीलही सक्तीचा नाही. कलम ६९ची मुदत मात्र २ वर्षांची. पाइप कधी सापडला यावर विसंबू नका. बिलाच्या तारखेपासून मोजा आणि फेब्रुवारी २०२७च्या आत दाखल करा.

हंगामात भाड्याने गाडी घ्यावी लागली असेल तर त्याच्या पावत्या आणि दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीचे हिशेब) जोडा. मानसिक त्रासापोटी ५ लाख मागायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फुगवलेल्या आकड्याने खरी मागणीही संशयास्पद वाटते.

नोटीस गेल्यावर गॅरेजवाले बहुधा थोडे पैसे देऊ करतील. रक्कम पटली तर घ्या. पटली नाही, तर "पूर्ण व अंतिम" असे लिहिलेल्या पावतीवर सही करू नका.