वासराचे पाय मुडपलेत? आधी चीक पाजा

दादा, घाबरू नका. जन्मतःच पुढचे पाय खुराजवळ मुडपलेली वासरं बऱ्याचदा सुधारतात. पण उभं राहता येत नसेल तर ते कासेला लागणार नाही, म्हणून पहिल्या सहा तासांत वजनाच्या दहा टक्के चीक बाटलीने पाजाच. माझ्या मते पायापेक्षा हे तातडीचं आहे.

आता पाय हाताने हळू ताणून पाहा. सरळ होत असेल तर कोरड्या, न घसरणाऱ्या जमिनीवर थोडं थोडं चालवा. आखडलेल्या शिरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आपोआप सैल होतात. खूर टेकतच नसेल तर डॉक्टरांकडून पट्टी बांधून घ्या. जाड कापूस, त्यावर उभा चिरलेला पीव्हीसी पाइप, टोकं नीट झाकलेली. रोज सोडून कातडी बघा, कारण घट्ट पट्टीने पडलेली जखम मूळ दुखण्यापेक्षा जास्त छळते. या शिरा सैल करायला डॉक्टर कधी कधी ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देतात, पण ते ऐकून स्वतः टोचू नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

सांधा गरम, सुजलेला असेल तर पट्टी नकोच. तो नाळेतून गेलेला जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

घोड्याच्या शिंगराचं मात्र वेगळं: त्याचा पाय खुरावरच्या सांध्यातून बाजूला वाकला असेल तर महिन्याच्या आत दाखवा. तिथली हाडाची वाढ फार लवकर मंदावते.