वाचकांचे प्रश्न : बाकावरचा क्वार्टरबॅक आणि पेठेतला दुसरा गोलरक्षक

प्रश्न : माझा नातू दर सोमवारी पहाटे उठून मोबाईलवर अमेरिकी फुटबॉलचा सामना पाहतो. त्याच्या आवडत्या संघातला राखीव क्वार्टरबॅक (आक्रमणाचे डाव चालवणारा खेळाडू) दोन वर्षे नुसता बाकावर बसून आहे, याची त्याला फार चीड येते. आपल्या शाहू स्टेडियमवर सामना हातात आला की शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर बसलेल्या पोरालाही आत पाठवतात. मग तिकडच्या प्रशिक्षकांची एवढी कंजुषी कशासाठी?
— एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गंमत अशी की, या कंजुषीला नियम मुळीच जबाबदार नाही. आपल्या फुटबॉलमध्ये बदली खेळाडूंची संख्या ठरलेली असते आणि एकदा बाहेर आलेला खेळाडू पुन्हा आत जात नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये मात्र कितीही खेळाडू, कितीही वेळा बदलता येतात. तरीही क्वार्टरबॅक सहसा बदलला जात नाही, आणि त्याचे कारण त्या जागेच्या कामात आहे.

तिथे चेंडू लंबगोल असतो आणि खेळ सलग चालत नाही. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात आणि जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू सर्वप्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. प्रशिक्षक त्याच्या शिरस्त्राणातल्या रेडिओवरून पुढचा डाव सांगतात, परंतु चेंडू खेळात आणण्यासाठी असलेल्या वेळातले पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यानंतर समोरचा बचाव कसा उभा आहे हे ओळखणे, गरज पडल्यास डाव बदलणे, आपल्या हाकेच्या लयीवर दहा जणांना हलवणे आणि धावणारा साथीदार जिथे अजून पोहोचलेलाच नाही अशा जागी चेंडू फेकणे, हे सारे त्याने एकट्याने करायचे असते. आपल्या फुटबॉलमध्ये दमलेला विंगर बदलला तर बाकीच्या दहा जणांचा खेळ फारसा बदलत नाही. क्वार्टरबॅक बदलला की हाकेचा आवाज, फेकीचा वेग आणि निर्णयाची वेळ सगळेच बदलते, आणि त्याची झळ प्रत्येकाला लागते.

पण खरी अडचण सामन्याच्या दिवशी नसते, ती आठवड्याच्या सरावात असते. तिकडच्या व्यावसायिक लीगच्या (एनएफएल) नियमित हंगामात प्रत्येक संघाचे १७ सामने होतात, दोन सामन्यांत साधारण एका आठवड्याचे अंतर असते आणि खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे सरावाच्या तासांवरही मर्यादा आहे. त्या मोजक्या तासांत पुढच्या सामन्याचे बहुतेक डाव पहिला क्वार्टरबॅकच घोटवतो. राखीव क्वार्टरबॅक पुष्कळदा प्रतिस्पर्धी संघाच्या क्वार्टरबॅकचे सोंग घेऊन आपल्याच बचावफळीला सराव देतो. आपल्या तालमींत कुस्ती ठरलेल्या मल्लाशी जोर करायला जोडीदार आखाड्यात उतरतो आणि समोरच्याचे डाव टाकून दाखवतो, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की, या जोडीदाराला ऐन मैदानात कोणत्याही क्षणी ‘आता तूच लढ’ असे सांगितले जाऊ शकते. आठवडाभर दुसऱ्याचे डाव खेळायचे आणि सामन्यात मात्र आपले डाव चोख यावेत, ही अपेक्षा मला निर्दय वाटते. सरावात दिसत नाही म्हणून प्रशिक्षकाचा विश्वास बसत नाही आणि विश्वास नाही म्हणून सरावात वाटा मिळत नाही, अशी ती कोंडी आहे. ती फोडण्याची एक जागा म्हणजे हंगामापूर्वीचे सराव सामने, आणि २०२१ पासून बहुतेक संघांच्या वाट्याला तेही चाराऐवजी तीनच येतात.

या विषयावर बोलताना टॉम ब्रेडीचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही, परंतु त्याची गोष्ट बहुधा अर्धीच सांगितली जाते. २००० साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) तो १९९ व्या क्रमांकावर घेतला गेला. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला, ब्रेडी मैदानात आला आणि तो हंगाम विजेतेपदानेच संपला. सांगणाऱ्याचा सूर असा की, नशिबाने दार उघडले. राहून जाणारा भाग हा की, पहिल्या वर्षी ब्रेडी त्या संघातला चौथा क्वार्टरबॅक होता आणि ब्लेडसो जखमी झाला त्या दिवशी तो दुसरा होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्लेडसोने दहा वर्षांसाठी १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता, म्हणजे पहिली जागा रिकामी होण्याचे कोणतेच चिन्ह नव्हते. चौथ्यावरून दुसऱ्यावर येण्याची ती चढण सराव आणि सराव सामन्यांत, प्रेक्षकांच्या टाळ्यांविना पार पडली. तिसऱ्याच क्रमांकावर थांबला असता, तर त्या दिवशी दुसराच कोणी आत गेला असता.

नातवाला ॲरन रॉजर्सचेही सांगा. २००५ साली पहिल्याच फेरीत निवड होऊनही तो ग्रीन बे पॅकर्समध्ये ब्रेट फार्व्हच्या मागे तीन हंगाम थांबला. पुढे त्याच संघात त्याच्या मागे जॉर्डन लव्हलाही तीन हंगाम थांबावे लागले आणि २०२३ मध्ये तो मुख्य क्वार्टरबॅक झाला. त्या मानाने दोन वर्षे फार नाहीत, हे नातवाला पटेल की नाही ते मात्र मी सांगू शकत नाही.

प्रश्न : मी पेठेतल्या एका संघाचा दुसरा गोलरक्षक आहे. दोन हंगाम झाले, एकही पूर्ण सामना मिळालेला नाही. पहिला गोलरक्षक माझ्यापेक्षा फार चांगला आहे असे मला वाटत नाही. घरचे म्हणतात, दुसऱ्या पेठेच्या संघात जा; मित्र म्हणतात, पेठ सोडलीस तर तोंड दाखवू नकोस. मी काय करावे?
— एक खेळाडू, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या दुःखाशी जुळणारे दुःख गोलरक्षकाचेच आहे, कारण मैदानावर ती जागा एकच असते आणि बाकीच्यांसारखे ‘आज उजवीकडे खेळ’ असे म्हणून तुमची सोय लावता येत नाही. म्हणून वरचे उत्तर तुम्हीही वाचा. तुम्ही सामन्यांचा हिशेब दिला आहे, सरावाचा दिलेला नाही. गेल्या महिन्यात पहिल्या फळीच्या आक्रमकांनी सरावात तुमच्यावर किती फटके मारले आणि बचावफळीला हाका देत तुम्ही किती वेळ उभे राहिलात, हे आधी मोजा. उत्तर ‘जवळजवळ नाही’ असे असेल, तर प्रशिक्षकांकडे सामना मागू नका. आठवड्यातल्या एका सत्रात पहिल्या बचावफळीमागे उभे राहण्याची संधी मागा. सामना मागणाऱ्याला नकार देणे सोपे असते, सराव मागणाऱ्याला तो देणे प्रशिक्षकांनाही जड जाते.

दुसरी गोष्ट टायब्रेकरची. आपल्याकडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांमध्ये सामना टायब्रेकरवर जाणे काही नवे नाही. २०१४ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान हाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता मुख्य गोलरक्षकाला बाहेर बोलावले आणि टिम क्रूल याला फक्त पेनल्टी अडवण्यासाठी आत पाठवले. क्रूलने दोन फटके अडवले आणि नेदरलँड्सने ४–३ ने बाजी मारली. तो त्या संघाचा पहिला गोलरक्षक नव्हता, पण त्या एका कामासाठी प्रशिक्षकांना तोच हवा होता. तुम्ही बाकावर बसता तेव्हा समोरच्या संघात पेनल्टी कोण घेतो, धाव कशी घेतो आणि चेंडू कोणत्या बाजूला मारतो, हे वहीत टिपून ठेवा. खेळणाऱ्या गोलरक्षकाला एवढी उसंत नसते, तुम्हाला आहे.

पेठ सोडण्याविषयी मी भीडभाड न ठेवता लिहितो. कोल्हापुरात संघ म्हणजे गल्ली, तालीम आणि गणपती हे सगळे एकत्र असते, त्यामुळे मित्रांचा राग मला परका नाही. तरीही खेळाडूचे वय कोणत्याही पेठेसाठी थांबत नाही. पुढच्या हंगामाच्या खेळाडू नोंदणीआधी प्रशिक्षकांना एकट्याने भेटा आणि मला पहिला होण्यासाठी काय कमी पडते, एवढेच विचारा. ‘बाहेर येणारा चेंडू घ्यायला तू उशिरा निघतोस’ अशी नेमकी त्रुटी त्यांनी सांगितली, तर थांबण्यात अर्थ आहे. ‘बघू पुढे’ एवढेच ऐकायला मिळाले, तर दुसऱ्या संघाची चौकशी करण्यात बेइमानी नाही. मात्र हंगामाच्या मध्यावर रुसून सरावाला जाणे बंद करू नका.

प्रश्न : मुख्य खेळाडू दुखापतीतून बरा होऊन परतला, तर जागा त्याची की त्याच्या गैरहजेरीत संघ सांभाळणाऱ्याची?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : असा कोणताही नियम नाही आणि रिवाजही पक्का नाही. वर आलेला ब्लेडसो बरा झाला, तरी प्रशिक्षकांनी ब्रेडीलाच कायम ठेवले. पुढे उपांत्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा राखीव झालेल्या ब्लेडसोने येऊन तो सामना जिंकून दिला. अंतिम सामन्यात मात्र पुन्हा ब्रेडीच उतरला. याच्या अगदी उलट १९७२ मध्ये मायामी डॉल्फिन्स संघात घडले. मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीला पाचव्या सामन्यात दुखापत झाली आणि ३८ वर्षांच्या अर्ल मॉरलने नियमित हंगामातले उरलेले सगळे सामने जिंकून दिले. उपांत्य सामन्यात मध्यंतरानंतर प्रशिक्षक डॉन शुला यांनी बऱ्या झालेल्या ग्रीसीला आत पाठवले आणि अंतिम सामन्यालाही त्यालाच उतरवले. एकही सामना न हरलेला मॉरल तेव्हा बाकावर होता, आणि त्या संघाने हंगामातले सतराही सामने जिंकले.