लेकीची घरातली पहिली पार्टी

अगं, नियम पार्टीच्या दिवशी सांगू नकोस. आठवडाभर आधी तिच्याकडूनच लिहून घे: कोण येणार, न्यायला कोण येणार. आमच्याकडे ‘आठ-दहा जण’ म्हणता म्हणता दाराबाहेर बावीस जोड चपला झाल्या होत्या! स्पीकर 10 ला बंद. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच रात्र 10 ते 6 धरलीय, त्यामुळे वाईट तू ठरत नाहीस. दारूवर चर्चाच नको, महाराष्ट्रात बियरलासुद्धा 21 पूर्ण लागतात. तुम्ही घरातच थांबा, पण आतल्या खोलीत. मधूनच गरम पाव द्यायच्या निमित्ताने एक चक्कर, बस. गच्चीची किल्ली मात्र तुझ्याकडेच. आणि सकाळचा पसारा तिनेच आवरायचा, कोल्ड्रिंकने चिकट झालेल्या फरशीसकट.