बटरफ्लाय एकाच कल्ल्याने श्वास घेतोय

प्रश्न (परभणी): समुद्री पाण्याचा टँक आहे, दोन क्लाऊनफिश, थोडे कोरल अन् मुंबईहून नुकताच आणलेला एक बटरफ्लाय मासा. तो आता धापा टाकतोय, एका बाजूचा कल्ला मिटलेला अन् दुसराच जोरात हलतोय, मधूनच दगडावर अंग घासतो. क्लाऊन मात्र नीट खातायत. दुकानदार म्हणाला टँकमधी कॉपर (तांब्याचं औषध) टाका. टाकू का?

उत्तर: नका टाकू भाऊ. कॉपरनं कोरल मरतील, अन् टँकमधले दगड ते शोषून ठेवतात ते वेगळंच.

पाणी बिघडलं असतं तर सगळेच मासे वर येऊन हापले असते, तुमचा एकच हापतोय तोही एका बाजूनं, त्यामुळं माझा पहिला संशय फ्लूकवर, म्हणजे कल्ल्याला चिकटणारे बारीक चपटे किडे. तरी अमोनिया तपासाच, तो शून्यच पाहिजे, अन् एअरपंप आत्ताच लावा, कारण ३० डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरमागं साडेसात मिलीग्राम ऑक्सिजन मावतो तर समुद्री पाण्यात जेमतेम सहा, आपल्याकडं मे महिन्यात लाईट गेली की पंपही बंद पडतो, म्हणून बॅटरीवाला ठेवा.

खात्री करायची तर काळ्या बादलीत आरओचं पाणी घ्या, तापमान अन् पीएच टँकएवढं करा (पीएचला खायचा सोडा चालतो), एअरपंपानं हवा सोडा अन् बटरफ्लायला पाच मिनिटं त्यात ठेवा. आडवा पडला तर लगेच काढा. फ्लूक असतील तर पांढरे पडून गळतात, काळ्या तळावर कोंड्यासारखे दिसतात. कल्ल्यात खोल बसलेले गळत नाहीत, त्यामुळं तळ स्वच्छ दिसला तरी फ्लूक नाहीतच असं धरू नका.

दोन्ही कल्ले भराभर चालत असते, मासा पावरहेडच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड देऊन थांबला असता, उजेड टाळत असता तर मी व्हेल्व्हेट (बारीक परजीवीमुळं होणारा रोग) म्हणलो असतो, त्याला कॉपरच लागतं पण वेगळ्या टबात, टेस्ट किटनं मोजून, अन् त्या रोगात दिवस घालवून चालत नाही.

तुमच्या माशाला प्राझिक्वांटेल (फ्लूकसारख्या किड्यांवरचं औषध) पाण्यातून द्या, १०० लिटरला २५० मिलीग्राम. कोरलला त्याचा सहसा त्रास नाही, दगडातले किडे मात्र मरतात, म्हणून तिन्ही मासे टबात घेऊन दिलेलं बरं, टबात अमोनिया रोज बघा. आठवड्यानं दुसरा डोस द्याच. औषधानं अंडी मरत नाहीत, अन् मासा खायला लागला की बरेच जण इथंच थांबतात, मग अंड्यातून निघालेली पिल्लं परत त्याच कल्ल्यावर बसतात.