लेहला उतरलात की सिंहगड विसरा

प्रश्न : माझं वय 54. गेली अकरा वर्षं दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो, पन्नास मिनिटांत. रोज प्राणायामही करतो. जुलैत आम्ही दोघं विमानाने लेहला जाणार आहोत. दुसऱ्याच दिवशी सायकलने ‘खारदुंग ला’ ही खिंड गाठायचा विचार आहे. व्यायामाने माझी फुप्फुसं भक्कम झाली असतील, तेव्हा विरळ हवा मला बाधणार नाही ना? बायको व्यायामाच्या वाटेला जात नाही, तिची मात्र काळजी वाटते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मला काळजी वाटते ती तुमची!

अकरा वर्षांच्या चढाईने तुमचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकलं, पायांचे स्नायू ऑक्सिजन नीट वापरू लागले, छातीच्या स्नायूंचा दम वाढला. फुप्फुसं मात्र होती तेवढीच आहेत. व्यायामाने ती दंडासारखी फुगत नाहीत, आणि निरोगी माणसाला त्याची गरजही नसते. बसल्या जागी मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेणारी फुप्फुसं जोराच्या व्यायामात शंभर लिटरच्या पुढे जातात.

सिंहगड तेराशे मीटर, लेह साडेतीन हजार. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब पुण्याच्या मानाने बराच कमी, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी उतरतो. मी स्वतः पहिल्यांदा लेहला उतरले तेव्हा ऑक्सिमीटर 87 दाखवत होता. इथे ओपीडीत एखाद्याचा हा आकडा दिसला तर मी त्याला घरी जाऊ देणार नाही. तिथे मी चहा पीत बसले होते, आणि हॉटेलचा एक जिना चढून धापा टाकत होते.

आता तुमच्या सायकलीकडे येते. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या नाही. जिथे कमी आकसल्या, तिथे रक्ताचा लोंढा जातो. त्यात तुम्ही पेडल मारायला लागलात की हृदय आणखी रक्त ढकलतं, दाब चढतो, आणि केशवाहिन्यांतून पाणी झिरपून वायुकोशांत साठतं. आम्ही याला ‘हेप’ म्हणतो. 1962च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईने उंचावर न्यावे लागले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी हा आजार भरपूर पाहिला. ते जवान तर तरणेबांड, कसलेले होते. प्रकृती उत्तम असलेला माणूस फसतो तो असा : पाय थकत नाहीत म्हणून तो थांबत नाही. तुमच्या पत्नी मात्र पहिले दोन दिवस खोलीत पडून राहतील, म्हणजे नेमकं तेच करतील जे मी तुम्हाला सांगणार आहे.

पहिले दोन दिवस लेहमध्येच राहा, बाजारापर्यंत हळू चाला, दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. सायकल पाचव्या-सहाव्या दिवशी, तीही प्रकृती साफ असेल तर. खिंडीतल्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असे. खरी उंची 5,359 मीटर, म्हणजे साधारण 17,600 फूट. कमी भरली म्हणून हवा दाट होत नाही! पँगाँगला मुक्काम शेवटी ठेवा, तो सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीबद्दल निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसं सांगा.

हेप बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री डोकं वर काढतो. कोरडा खोकला, बसल्या जागीही दम लागणं, काल सहज चढलेला जिना आज न चढवणं, एवढं दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. लगेच ऑक्सिजन आणि दवाखाना, आणि जमेल तितक्या लवकर खाली.

आणखी एक. उंचावर झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो. हे तिथे बहुतेकांचं होतं. पत्नीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री त्या सगळं हॉटेल उठवतील.